इम्परफेक्टामध्ये भरती चालू आहे का

एक पोरगा दुकानात आला आणि म्हणाला, "गाडीच्या मागं 'आईचा आशीर्वाद' लिहून द्या."

चाचा म्हणाले, "आईचा नंबर दे."

पोराला वाटलं काहीतरी फॉर्म असेल. दिला. चाचांनी तिथल्या तिथं फोन लावला, स्पीकरवर. "नमस्कार ताई, काळेवाडीतून बोलतोय, रेडियमचं दुकान. तुमचा मुलगा समोर उभा आहे. तुमचा आशीर्वाद आहे असं म्हणतोय. आहे का?"

तिकडून बाईंनी विचारलं, "हेल्मेट घातलंय का त्यानं?"

चाचांनी पोराकडं बघितलं. "नाही."

"मग आत्ता नको," आई म्हणाली आणि फोन ठेवला.

पोरगा चार दिवसांनी हेल्मेट घालून आला. दुकानातही काढेना. परत फोन लागला, आशीर्वाद कन्फर्म झाला, मग मी टाइप केलं.

तर हे आमचे चाचा. नाव नाही सांगत, त्यांना आवडणार नाही, आणि तसंही काळेवाडीत त्यांना नावानं कोणी ओळखत नाही. टेम्पोच्या फाळक्यावर, रिक्षाच्या हुडावर, मोटारसायकलच्या मडगार्डवर ते चमकणारं चिकटवतात ना, अक्षरं, पट्ट्या, वाघ, देव, त्याला आमच्याकडं सगळे रेडियमच म्हणतात. त्यात खरं रेडियम नसतं हे चाचा प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे. न विचारता. दुकानाच्या पाटीवर मोठं लिहिलं होतं 'रेडियम आर्ट', आणि खाली बारीक, 'यात रेडियम नाही'.

माझे डिप्लोमाचे दोन विषय राहिले होते, घरी बसून बोलणी खाण्यापेक्षा मी त्यांच्याकडं कॉम्प्युटरवर बसले. मी टाइप करायचं, मशीन कापायचं, चाचा चिकटवायचे. एक वर्ष. त्या वर्षाबद्दल मी इतक्या जणांना इतक्यांदा सांगितलंय की माझी रूममेट परवा म्हणाली, "बाई, एकदा लिहून टाक आणि आम्हाला सोड." तर लिहितेय. मध्ये मध्ये उड्या मारेन, सांभाळून घ्या.

चाचांना माणसं समोरून ओळखू यायची नाहीत. खरंच सांगते. माझे बाबा त्यांना सात-आठ वेळा भेटले असतील, दर वेळी चाचा, "बोला, काय करायचंय?" आणि बाबा वैतागून निघाले की मागून हाक, "अरे, मॅडमचे वडील ना तुम्ही, बसा की." (मॅडम म्हणजे मी. मी वीस वर्षांची होते.) जन्मभर गाड्यांच्या पाठी बघून त्यांना फक्त पाठी पाठ झाल्या होत्या. त्यांचं म्हणणं असं, की पुढची बाजू आपली आपण आरशात बघतो, मागची दुसऱ्याला दिसते, म्हणून तिथं खोटं लिहायचं नाही. "खोटं चिकटतच नाही, मॅडम. कड उचलते."

त्यामुळं निम्मी गिऱ्हाइकं परत जायची. कोणी आलं की आठ शून्य पाच पाच नंबर आहे, 'बॉस' दिसेल असा करून द्या, की चाचा म्हणायचे, "आठ हजार पंचावन्न आहे, आठ हजार पंचावन्न दिसेल." एकजण आला, "प्रेस लिहा." "पेपरात आहेस?" "नाही, पण पोलीस धरत नाहीत." घालवला त्याला. त्याच संध्याकाळी रहाटणीचा इस्त्रीवाला आला, त्याला मात्र दोन्ही बाजूंनी, लाल अक्षरात, भलं मोठं 'प्रेस' करून दिलं. तो माणूस अजून पिंपरीत नाकाबंदीतून सलाम घेत जातो.

ट्रकला नियम असतो. पुढं पांढरी पट्टी, मागं लाल, बाजूला पिवळी. चाचांनी हा नियम स्वतःला लावला होता. शर्टाच्या खिशावर पांढरी, पाठीवर कॉलरखाली लाल, दोन्ही बाह्यांवर पिवळी. लग्नात गेले तरी. त्यांच्या धाकट्या भावाच्या निकाहाच्या फोटोत सगळे दिसतात आणि एका ठिकाणी नुसता उजेड आहे, ते चाचा.

आणि दुकानात बाकडं नव्हतं. भंगारातून आणलेली एका मोटारीची मागची अख्खी सीट होती, बेल्टसकट. बसलं की बेल्ट लावायचा, हा नियम. गिऱ्हाईक म्हणायचं, "चाचा, ही कुठं चाललीय?" चाचा म्हणायचे, "आत्ता कुठं नाही."

काळेवाडीतली सगळ्यात मऊ बसायची जागा तीच होती. म्हणून तिथं तनू बसायची.

तनू नऊ वर्षांची. शेजारच्या गाळ्यात तिची आई साड्यांना फॉल-पिको करायची. लातूरकडची माणसं, वडील चाकणला कंपनीत शिफ्टला. तनूची हाडं ठिसूळ होती. म्हणजे साधी ठिसूळ नाही. एकदा जोरात शिंक आली आणि बरगडी गेली. डोळ्यांतला पांढरा भाग निळसर होता तिचा, फार सुंदर दिसायचा, तोही त्या आजाराचाच. शाळा अर्धा वेळ, मग दुपारपासून त्या सीटवर, बेल्ट लावून. आणि दिवसभर चित्रं. रेडियम सोलल्यावर मागचा पिवळा कागद उरतो, त्याच्या पाठीवर.

येणारी बाई हमखास "अरेरे, एवढीशी पोर" म्हणायची. तनू मान वर न करता विचारायची, "काय झालं तुम्हाला?"

चाचांनी तिला कधी बिचारी म्हटलं नाही. पहिल्यांदा भेटली तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "आजाराचं पूर्ण नाव काय?" तिच्या आईनं दवाखान्याची फाईल आणून दाखवली. ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा. चाचा ते नाव तीन दिवस पाठ करत होते. चहा ओतताना, शटर उघडताना, नमाजाला जाता-येताना. मी म्हटलं, "चाचा, 'ठिसूळ हाडं' म्हणा की." तर म्हणाले, "तुला कोणी 'ती कॉम्प्युटरवाली' म्हटलं तर चालेल का?" मला तर सगळे तेच म्हणायचे.

आता मुख्य गोष्ट.

तनूचं मांडीचं हाड वाकत चाललं होतं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करून आतून सळी घालू, दिवाळीच्या आत करा, नाहीतर तिथंच परत परत मोडेल आणि पुढं चालणं अवघड होईल. तनूनं डॉक्टरांना विचारलं, "दुखतं का?"

"अजिबात नाही, बेटा."

"तुमचं झालंय का?"

डॉक्टर हसले. "नाही."

"मग ज्याचं झालंय त्याला विचारून सांगते," तनू म्हणाली.

सगळ्यांना वाटलं लहान पोर आहे, ऐकेल. पण ॲडमिशनच्या दिवशी ती रिक्षातून उतरलीच नाही. आणि गंमत बघा, म्हणजे गंमत नाही, पण बघा, तिला ओढता येत नाही. दुसऱ्या पोराला बखोटीला धरून नेलं असतं. हिचा हात ओढला तर हातच मोडेल. आई, वडील, मामा, दवाखान्याचा वॉर्डबॉय, सगळे रिक्षाभोवती हात बांधून उभे, आणि ही आत बसून चित्र काढतेय. एक तासानं रिक्षावाला म्हणाला, "मला सीएनजीच्या लाइनीला लागायचंय." आले परत.

तनूची आई दुकानात येऊन रडली. "काय करावं ओ चाचा. दिवाळी यिऊ लालीय. ही पोरगी ऐकंना."

चाचा म्हणाले, "तिचं काय चुकलं? ज्याला माहीत आहे त्यालाच विचारायचं म्हणतेय."

त्यांनी डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर म्हणाले अशी मुलं येऊन गेलीत, पण पेशंटचं नाव-पत्ता आम्हाला देता येत नाही. चाचांना हे फार पटलं, त्यांनी आभार मानले, आणि आम्ही होतो तिथंच. मी इंटरनेटवर शोधलं. परदेशातला एक मुलगा सापडला, त्याचा व्हिडिओ होता ऑपरेशनचा. तनूनं बघितला. "याला मराठी येतं का?" नाही येत. "मग कसं विचारू?"

दुसऱ्या दिवशी चाचा दुकानात आले ते ठरवूनच. "मॅडम, आपल्याकडनं रोज किती टेम्पो चाकणला जातात?"

तर प्लॅन असा. तनूचं चित्र टेम्पोच्या मागं लावायचं. खाली आजाराचं पूर्ण नाव, मराठीत आणि फाईलवर आहे तसं इंग्रजीत. त्याखाली तनूचा प्रश्न, 'माझ्यासारखं कोणी आहे का? फोन करा.' आणि दुकानाचा नंबर. टेम्पो चाकण, तळेगाव, भोसरी, रांजणगाव फिरणार. मागचा माणूस सिग्नलला दुसरं काय करतो, वाचतोच.

पण एका चित्रानं काय होणार, म्हणून चाचांनी गल्लीतली सगळी पोरं रविवारी बोलावली. चित्रकला स्पर्धा, विषय 'हाड'. वीस-बावीस पोरं फुटपाथवर बसली. आणि हाड म्हटल्यावर पोरांनी काय काढावं, निम्म्यांनी कुत्रा काढला. तोंडात हाड धरलेला. तिघांनी वीज मंडळाच्या डब्यावरची कवटी, 'सावधान' सकट. एकानं डायनासोर. मटणवाल्याच्या मुलीनं नळी काढली, इतकी छान की भूक लागावी. आणि एका पोरानं कोराच कागद दिला. चाचा म्हणाले, "हे काय?" तो म्हणाला, "हाड आत असतं. दिसत नाही."

त्याला पहिलं बक्षीस.

तनूनं तिचं चित्र सीटवर बसून काढलं, तासभर लावला. दोन मुली, दोघींच्या डोक्यावर हेल्मेट, हातात हात. मी विचारलं हेल्मेट कशाला. "असू दे. पडलो तर."

मग चाचा टेम्पोवाल्यांच्या मागं लागले. "भावा, तुझ्या पाठीवर जरा जागा आहे का?" टेम्पोवाले त्यांना घाबरूनच असायचे, कोण नाही म्हणतंय. एकजण मात्र म्हणाला, "चाचा, कवटी नको राव. घरी बायको विचारंल." त्याला कुत्रा दिला. कोऱ्या चित्राचा एक चौकोन भाजीच्या टेम्पोवर लागला, नुसता पांढरा चमकणारा, खाली ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा. पण सगळ्यात जास्त लावलं ते तनूचं.

आणि पहिल्याच दिवशी दुपारी फोन.

मी, चाचा, तनू, तिची आई, सगळे गोळा. चाचांनी स्पीकर लावला.

"हॅलो, इम्परफेक्टा का?"

"हो हो, बोला," चाचा उभे राहूनच म्हणाले.

"भरती चालू आहे का?"

आम्ही एकमेकांकडं बघितलं.

"आयटीआय फिटर आहे मी," तो म्हणाला. "फ्रेशर चालंल का?"

मला कळायला दोन मिनिटं लागली, चाचांना त्याहून जास्त. तुम्हीच विचार करा. चाकणच्या रस्त्यावर लांबलचक फॉरेनचं नाव. वर हेल्मेट घातलेली दोन माणसं हातात हात घालून, म्हणजे सेफ्टी वीकचं पोस्टर, कंपन्या कामगारांच्या पोरांकडून तसलीच चित्रं काढून घेतात. खाली 'माझ्यासारखं कोणी आहे का, फोन करा'. आमच्या पट्ट्यात हे वाचून कोणाला आजार आठवेल? मलाही कंपनीच वाटली असती.

चाचांनी त्याला सगळं समजावलं. खरं ते सांगायचंच, मग समोरचा ऐको न ऐको.

"ही कंपनी नाही, बेटा. आजार आहे."

"बरं. प्लांट कुठंय?"

"प्लांट नाही. हाडात असतो."

"आणि शिफ्ट?"

"आजाराला शिफ्ट नसते. चोवीस तास."

"ओव्हरटाइम मिळतो का मग?"

आठवड्यात फोन वाढत वाढत इतके झाले की चाचांना चिकटवायला हात मोकळा राहीना. कोणीतरी टेम्पोचा फोटो काढून नोकरीच्या ग्रुपवर टाकला होता. वर लिहून, 'चाकणला नवीन कंपनी, डायरेक्ट जॉइनिंग.' मग तो फोटो सगळीकडं. बीडहून फोन, धुळ्याहून फोन. पोरं बायोडाटा घेऊन दुकानात यायला लागली. चाचा त्यांना सीटवर बसवायचे, बेल्ट लावायचे, फाईल दाखवायचे, नाव म्हणून घ्यायचे. इंटरव्ह्यूच वाटायचा तो. बाहेर आल्यावर एक दुसऱ्याला सांगताना मी स्वतः ऐकलंय, "अवघड घेतात राव. पहिलं कंपनीचं नाव म्हणायला लावतात."

एक लेबर कॉन्ट्रॅक्टर बर्फीचा पुडा घेऊन आला. "मॅनपावरचं आपल्याला द्या, चाचा. दुसऱ्या कोणाला द्यायचं नाही." चाचांनी बर्फी परत केली. तनू दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

महाळुंग्याकडचे एक आजोबा आले, पांढरी टोपी. "आमची जागा हाय रोडला लागून. कंपनीला पायजे आसंल तर बोला."

"बाबा, कंपनी न्हाई. आजार आहे."

"व्हय, आसंल," आजोबा म्हणाले. "पर जागा तर लागंलच की."

आणि कळस म्हणजे पानाच्या टपरीवर एकजण मला छातीठोक सांगत होता की त्याचा मेव्हणा इम्परफेक्टात लागलाय, क्वालिटीला. "पगार बरा आहे. कँटीन बेकार." मी म्हटलं, "जर्मन कंपनी आहे का?" तो म्हणाला, "आधी जर्मन होती. आता कोरियनवाल्यांनी घेतली."

मी हसून हसून घरी आले. चाचा हसत नव्हते. त्यांना पहिल्यांदाच असं झालं होतं, की पाठीवर अक्षर न् अक्षर खरं लिहिलंय आणि वाचणारा खोटं वाचतोय. ते टेम्पोच्या मागं जाऊन कडा तपासायचे. एकही उचलली नव्हती. "मग चुकतंय कुठं, मॅडम?"

तनूची आई म्हणाली, "काढून टाका ते. पोरीच्या आजारावर लोकं नोकऱ्या मागू लालेत." दिवाळीला तीन आठवडे राहिले होते. तनू रोज फोन वाजला की मान वर करायची, आणि 'आयटीआय' शब्द ऐकला की खाली घालायची. ती विचारायचीसुद्धा थांबली. चाचांनी शिडी काढली. संध्याकाळी टेम्पो परत येतील तसे सोलायचे, असं ठरलं.

त्या दुपारी फोन आला. बाई होती, आणि भयानक चिडलेली.

"इम्परफेक्टा कंपनी का?"

"नाही ताई, आजार..."

"माझं ऐका आधी. तुमच्या कंपनीचं नाव माझ्या पोराच्या फाईलवर काय करतंय?"

चाचांनी कटर खाली ठेवला.

"काय केलंय तुमच्या कंपनीनं त्याला?" बाई ओरडत होती. "मिस्टरांनी नोकरीसाठी म्हणून फोटो दाखवला. मला इंग्रजी येत नाही, पण ते नाव मी सहा वर्षं बघतेय. अक्षर अक्षर लावून बघितलं. तेच आहे. काय सोडता तुम्ही हवेत का पाण्यात, ते सांगा मला."

"ताई," चाचा म्हणाले, "वाचून दाखवता?"

"ओ," ती म्हणाली. "एस. टी. ई."

चाचांनी उरलेला स्टिकर पुढ्यात ओढला आणि एकेका अक्षरावर बोट ठेवत गेले. बावीस अक्षरं. ती तिकडून रागानं एकेक म्हणतेय, हे इकडं बोट सरकवतायत. शेवटचं 'ए' आलं तरी चाचांनी बोट उचललं नाही. फोन मी घेतला. मी काय बोलले मला आठवत नाही, फार भरभर बोलले एवढं नक्की, कारण ती बाई म्हणाली, "हळू बोल गं, कोण कंपनी नाही?"

दिघीला राहायची. इथून रिक्षानं जायचं अंतर. आम्ही धुळ्यापर्यंत पोचलो होतो.

मुलगा सहा वर्षांचा, सोहम. आणि त्याच्या पायात सळी घातलेली होती, मागच्याच वर्षी.

आता मी केलेलं पाप सांगते. रविवारी ते येणार म्हणून ठरलं आणि शनिवारी तनूच्या आईनं आणि मी गुपचूप सोहमच्या आईला फोन केला. म्हटलं, ताई, तनू त्याला विचारेल दुखतं का. त्याला 'नाही' म्हणायला सांगा. तेवढ्यावर सगळं अडलंय. त्या म्हणाल्या, बरं, सांगते. मी त्याला जेसीबीचा स्टिकर कबूल केला. चाचांना यातलं काही सांगितलं नाही. ते त्या दिवशी सकाळपासून सीट पुसत होते.

सोहम आला. डोळे तसेच, निळसर. त्याला सीटवर तनूच्या शेजारी बसवलं, दोघांना बेल्ट. आणि दोघं एकमेकांना अजिबात आवडली नाहीत.

"तुला चित्र काढता येतं?" तनूनं विचारलं.

"जेसीबी," सोहम म्हणाला.

"फक्त?"

"पोकलेन पण."

तनूनं माझ्याकडं असं बघितलं की हा आणलात होय. मग सोहमनं तिचा लाल स्केचपेन घेतला, तिनं तो परत ओढला, त्यानं तिला ढकललं, आणि आम्ही चारही मोठी माणसं एकदम पुढं झेपावलो. दोन आया, मी, चाचा, आठ हात.

"हात लावू नका. मी सांगते तसं उचला."

"हात लावू नका. मी सांगतो तसं उचला."

तनू आणि सोहम, एकाच वेळी. एकाच सुरात, शब्द न् शब्द. आम्ही सगळे जागच्या जागी थांबलो. ती दोघं पण थांबली. तनूनं वळून सोहमकडं नीट बघितलं, म्हणजे त्या दिवसात पहिल्यांदा नीट. स्केचपेन त्याच्या हातातच राहू दिला.

"तुझ्या पायात सळी आहे?"

"हो."

"घालताना दुखलं का?"

सोहमनं आईकडं बघितलं. मग माझ्याकडं. मी जेसीबी हातात धरूनच उभी होते.

"नाही दुखलं," तो म्हणाला. "असं सांगायचंय."

चाचांनी हळूच मान वळवून आधी तनूच्या आईकडं बघितलं, मग माझ्याकडं. माझी ओळख त्यांना पहिल्यांदाच समोरून पटली असावी. पुढं दोन दिवस मला 'मॅडम' म्हणाले नाहीत, नुसतं "ए" म्हणायचे.

मग ते सोहमच्या पुढ्यात खाली बसले, जेसीबी माझ्या हातातून घेतला आणि त्याला देऊन टाकला. "हा तुझाच. आता तिला काय सांगायचं ते तुझं तू सांग."

सोहमनं आधी जेसीबी नीट बघितला.

"लय दुखलं," तो म्हणाला.

तनूच्या आईनं तोंडावर पदर धरला. तिला वाटलं, गेलं सगळं. मलाही तेच वाटलं.

"किती दिवस?" तनूनं विचारलं.

सोहमनं बोटं उघडली, मोजली, एक मिटलं. "तीन."

"मग?"

"मग नाही. मग खाज येते फक्त."

"रडलास?"

"हो."

"ओरडून का मनात?"

"ओरडून. डॉक्टर पण घाबरले."

तनूनं स्वतःची तीन बोटं उघडून बघितली. चाचा खालीच बसून होते, बाहेर एक रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, त्यालाही कोणी ओ दिली नाही.

"तीन दिवस म्हणतोय," ती शेवटी आईला म्हणाली, एखाद्या माणसाकडून एकदाची नीट माहिती मिळाल्यासारखी. "मग चालेल."

आणि सोहमकडं वळून पिवळा कागद त्याच्यासमोर सरकवला.

"नंबर लिही तुझा. चौथ्या दिवशी दुखलं ना, तर फोन करून शिव्या देणार."